नाव घेऊन केलेली प्रार्थना

आमच्या चर्चच्या मंडळीत दरवर्षी एक 'जीवन रविवार' असतो, आणि इतकी वर्षं त्या रविवारी माझ्या ताईला नि तिच्या दत्तक मुलीला व्यासपीठावर उभं करत आले आहेत. बक्षीस मिळालेलं भांडं वर्षातून एकदा कपाटातून काढून पुसून समोर ठेवावं, तसं. जीवनरक्षा समितीच्या अध्यक्षीणबाई माईक हातात घेऊन म्हणायच्या, "हे बघा, आपण वाचवलेलं लेकरू!" आणि लोक टाळ्या वाजवायचे. मीही वाजवल्यात. आता त्या टाळ्या आठवल्या की हात साबणानं धुवावेसे वाटतात.

कोण 'आपण'? काय वाचवलं यांनी? मला सगळं ठाऊक आहे, कारण मी छापखानावाला आहे आणि मंडळीचा कागदाचा कपटासुद्धा माझ्या यंत्रातून बाहेर पडतो. समितीचे गर्भपाताविरुद्धचे फलक मी छापले, पत्रकं मी छापली. दर शनिवारी दहा ते बारा ही समिती प्रसूतिगृहासमोर घडीच्या खुर्च्या टाकून बसायची. थर्मासमध्ये कॉफी, डब्यात बिस्किटं, गुडघ्यांवर शाली. एकदा मी नवे फलक पोचवायला गेलो होतो. आतून एक बाई भिंतीला धरत धरत बाहेर आली आणि त्यांच्याकडे पाणी मागितलं. खजिनदार लगबगीनं उठला आणि तिच्या हातात पत्रक दिलं. पाणी नाही, पत्रक. तिनं ते उलटसुलट करून पाहिलं, दुमडलं आणि परत दिलं. मी काय केलं? फलक मोजून दिले आणि निघून आलो.

ताई त्या खुर्च्यांवर कधीच बसली नाही. शनिवारी तिची कामाची पाळी असायची. ती रुग्णालयाच्या तळघरात, धुलाईखात्यात कामाला. तेवीस वर्षं. वरून लोखंडी घसरगुंडीतून चादरींची गाठोडी धप्पकन पडतात, ती उघडायची, वेगळी करायची, फाटलेलं शिवायला बाजूला काढायचं. गरम रुळांच्या इस्त्रीत एकदा तिचं बोट सापडलं, तेव्हापासून उजव्या हाताच्या एका बोटाचं नख सपाट आणि काळं आहे. रक्ताचा डाग थंड पाण्यातच काढायचा, गरम पाणी लागलं की तो कायमचा बसला, हे ती नव्या बायकांना शिकवायची. अंगाला सतत डाग घालवायच्या पावडरीचा वास. पस्तिशीत नवरा गेला, मूलबाळ नाही, एक खोली, एक खिडकी. देवाचं तिनं कधी अवडंबर माजवलं नाही. पण एका बाबतीत ती समितीतल्या सगळ्यांपेक्षा कडक होती. "जीव देवाचा," म्हणायची, "त्याला हात लावायचा नाही." आणि लगेच पुढे, "मग सांभाळायला देवानं खाली यायचं का? आपणच सांभाळायचा." तिचं हे दुसरं वाक्य समितीच्या एकाही फलकावर नव्हतं. असतं तर मी छापलंच असतं की.

बारा वर्षांपूर्वी त्या तळघरात, घोंगड्यांच्या कपाटामागे, तिला एक पोर रडताना सापडली. एकोणीस वर्षांची, सफाईच्या कामावर नवीन लागलेली. पुढे ही मुलगी शहराच्या दुसऱ्या टोकाला एका बेकरीत काउंटरवर लागली, म्हणून मी तिला बेकरीवालीच म्हणणार आहे. तिचं नाव मी इथे लिहिणार नाही. मी ते उच्चारलं, तेवढं पुरे झालं.

"किती महिने?" ताईनं विचारलं.

"तिसरा. पाडायचंय. सोमवारी जाणार आहे."

"त्याला माहीत आहे?"

"तो केव्हाच पळाला."

ताई तिच्याशेजारी जमिनीवर बसली. हे मला ताईनंच सांगितलंय, फार वर्षांनी. ती म्हणाली, "हे बघ, मला विचारशील तर मी नको म्हणेन. माझ्या देवाला ते चालत नाही नि मलाही नाही. पण नुसतं नको म्हणून मी घरी जायची आणि तू एकटीनं निस्तरायचं, याला काही अर्थ नाही. तू माझ्याकडे राहायला ये. मूल झालं आणि नकोसं वाटलं तर मला दे. ठेवावंसं वाटलं तर दोघी मिळून बघू."

"आणि लोक?"

"लोकांना कोण सांगतंय? तुझ्या-माझ्यात नि देवात राहील."

बेकरीवाली सहा महिने ताईच्या पलंगावर झोपली आणि ताई जमिनीवर. मुलगी झाली. आईनं तिला तीन दिवस पाजलं आणि मग म्हणाली, मला नाही जमणार. ताईनं कोर्टकचेऱ्या करून रीतसर दत्तक घेतलं. एकट्या विधवेला मूल द्यायला लोक कां-कूं करत होते, तेव्हा मंडळीनं शिफारसपत्र द्यावं म्हणून ती आमच्या धर्मगुरूंकडे, पाळकसाहेबांकडे गेली. पाळकसाहेबांनी पत्र दिलं, आणि समितीनं त्याच आठवड्यात जाहीर करून टाकलं की आपल्या कामाला पहिलं फळ आलं! फळ म्हणे. झाड कुणाचं, पाणी कुणी घातलं, आणि टोपली घेऊन हे पुढे.

मुलगी भारी चळवळी, एका जागी ठरेल तर शपथ. आम्ही तिला भिंगरी म्हणतो. आपण दत्तक आहोत हे तिला चौथ्या वर्षापासून माहीत होतं. कोणाची, ते माहीत नव्हतं, आणि तिनं कधी विचारलंही नाही. "मोठी झाले की विचारीन," एवढंच म्हणायची. ताई म्हणायची, विचारशील तेव्हा सांगीन. असं दोघींचं ठरलेलं होतं, आणि ते छान चाललं होतं.

या वर्षी जीवन रविवारच्या पंधरा दिवस आधी बेकरीवालीचं पत्र आलं. मधल्या काळात तिचं लग्न झालं होतं, सासरी पहिल्या बाळंतपणाचा पत्ता नव्हता. पोटात गाठ निघाली होती, ऑपरेशन ठरलं होतं. टेबलावरून उठेन न उठेन, तिनं लिहिलं होतं, त्याआधी एकदा मुलीला लांबून का होईना बघू दे. ताईला एकीकडे त्या पोरीची दया, दुसरीकडे ही भीती की भिंगरी तिच्याकडे ओढली गेली तर? स्वतःच्या या भीतीचीच तिला लाज वाटली. आणि लाज वाटली की आमच्यासारखी माणसं जे करतात ते तिनं केलं. प्रार्थना मागायला गेली. पाळकीणबाईंकडे.

आता आमची प्रार्थनेची साखळी काय चीज आहे ते सांगायला हवं. एकवीस जणांची यादी. कोणाची प्रार्थनेची विनंती आली की पाळकीणबाई एक नंबरला फोन करतात, एक नंबर दोनला, दोन तीनला. नियमांचं कार्ड मीच छापलंय: पंधरा मिनिटांच्या आत पुढे कळवावे, विनंती नाव घेऊन सांगावी, चर्चा करू नये. नाव घेण्यावर पाळकीणबाईंचा फार कटाक्ष. "मोघम प्रार्थनेला काय अर्थ?" म्हणतात. तिसरा नियम जगात कोणी पाळलेला नाही. इतर लोक कुचाळक्या करतात तेव्हा निदान त्यांना कळतं तरी की आपण कुचाळक्या करतोय. आम्ही डोळे मिटून करतो, आणि शेवटी आमेन म्हणतो.

ताई साखळीत नव्हती. धुलाईखात्यात फोन बाहेर कपाटात ठेवावा लागतो, पंधरा मिनिटांचा नियम तिला पाळता आला नसता. त्यामुळे तिला वाटलं, आपण एका बाईला सांगतोय, ती गुडघे टेकेल, संपलं. पाळकीणबाईंनी विचारलं, "नाव काय तिचं?" आणि जे नाव ताईनं बारा वर्षं सख्ख्या भावाला सांगितलं नव्हतं, ते तिनं सांगितलं. प्रार्थनेसाठी विचारलं म्हणून.

मंगळवारी दुपारी मला फोन आला. मी सातवा. सहाव्या नंबरावर आमचे निवृत्त मास्तर. त्यांनी नाव सांगितलं, गाठ सांगितली, ऑपरेशनची तारीख सांगितली, आणि आवाज बारीक करून म्हणाले, "आपल्या भिंगरीची जन्मदाती बरं का. नेमकेपणानं प्रार्थना करता यावी म्हणून सांगितलंय. मनातच ठेवा."

मी क्षणभर थांबलो. खोटं कशाला बोलू, थांबलो होतो. ही ताईची गोष्ट आहे, ताईला आधी विचारावं, असं मनात आलं होतं. पण यंत्र चालू होतं, हातांना शाई होती, आणि घड्याळात दहा मिनिटं उलटली होती. मी आठव्या नंबरला फोन लावला. यंत्राच्या खडखडाटात तिला ऐकू जाईना, म्हणून मी ते नाव दोनदा ओरडून सांगितलं.

अकराव्या नंबरावर बेकरीवालीच्या नवऱ्याची आत्या होती. तिनं प्रार्थना केली का ते देव जाणे. संध्याकाळच्या आत ती पुतण्याच्या घरी पोचली, एवढं मला माहीत आहे.

बुधवारी सकाळी बेकरीवाली एक पिशवी घेऊन धुलाईखात्याच्या खिडकीशी उभी राहिली. नवरा एक शब्द बोलला नव्हता, सासऱ्यानं पिशवी जिन्यात आणून ठेवली होती. "ताई, तुम्ही सांगितलंत?" तिनं एवढंच विचारलं. ताईनं सुट्टी टाकली, तिला बेकरीत पोचवलं. मालक भला माणूस, त्यानं पिठाच्या पोत्यांच्या खोलीत चार दिवस झोपायची परवानगी दिली. तिथून ताई सरळ माझ्या छापखान्यात आली.

"तुला ठाऊक होतं?"

"साखळीत आलं होतं," मी म्हणालो.

"मग तू काय केलंस?"

मी शाईचा डबा बंद केला. पुन्हा उघडला. "पुढे सांगितलं."

तिनं मला दोन थोबाडीत ठेवून दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती कागदाच्या गठ्ठ्यावर बसली आणि म्हणाली, "चूक माझी. नाव मी सांगितलं."

इथवर कोणाही शहाण्या माणसाला लाज वाटून त्यानं तोंड लपवलं असतं. आमच्या अध्यक्षीणबाई गुरुवारी नाचत छापखान्यात आल्या. "प्रभूची योजना बघा! बारा वर्षांनी माय-लेकी भेटणार, आणि तेही नेमकं जीवन रविवारी! व्यासपीठावरच भेट घडवू. लोकांच्या डोळ्यांत पाणी येईल."

"त्या बाईला घरातून काढलंय," मी म्हणालो.

"हो ना! म्हणजे देवाच्या कृपेची साक्ष आणखी प्रभावी होईल."

अध्यक्षीणबाईंच्या गळ्यातली माळ, त्यांचं ते चकचकीत हसू, सगळ्याची मला शिसारी आली. आणि मग मी पोस्टर छापलं. रंगीत. 'बारा वर्षांनी: आई आणि लेक.' कळत होतं, तरी छापलं. मंडळीचं काम मी कधी परत पाठवलेलं नाही, असं स्वतःला सांगितलं. माणूस स्वतःला काय वाट्टेल ते सांगू शकतो.

शुक्रवारी ते चर्चच्या फाटकावर लागलं. भिंगरीनं शाळेतून येताना वाचलं. बरोबरच्या मुलींनी उरलेलं सांगितलं, नावासकट, पत्त्यासकट, गाठीसकट. मोठी झाल्यावर जे ती विचारणार होती, ते तिला फाटकाशी उभ्या उभ्या मिळालं. घरी ताईनं जवळ घेतलं तेव्हा म्हणाली, "आई, मला स्टेजवर नाही जायचं. आणि मला तिला आत्ताच नाही भेटायचं. चालेल का?"

"चालेल," ताई म्हणाली.

"तिला राग येईल?"

"नाही येणार. मी सांगेन तिला."

रविवारी सभागृह खच्चून भरलं होतं. एरवी उपासनेला न फिरकणारे लोकसुद्धा मागे उभे होते, तमाशाला जमल्यासारखे. भिंगरी माझ्याशेजारी बसली होती, बाकाची कड दोन्ही हातांनी घट्ट धरून. अध्यक्षीणबाईंनी नाव पुकारलं आणि ताई एकटीच वर गेली. कामावरचाच कोट, तेच केस. तिनं माईक घेतला नाही. तिला गरज नव्हती, धुलाईखात्यात मोठ्यानं बोलायची सवय लागते.

"ती येणार नाही," ताई म्हणाली. "माझी मुलगीही वर येणार नाही. मी एक गोष्ट मागायला आले आहे. त्या मुलीचं परवा ऑपरेशन आहे. नंतर दीड महिना तिला जिने चढायचे नाहीत, काही उचलायचं नाही, आणि तिला घर नाही. ते का नाही, ते इथल्या एकवीस जणांना माहीत आहे. माझ्याकडे एक खोली आहे. मी तिला आजही घेऊन जाईन. पण माझी मुलगी बारा वर्षांची आहे आणि तिला दोन दिवसांपूर्वी कळलंय. तिला थोडा वेळ हवाय. म्हणून विचारते. कोणाकडे दीड महिन्यापुरती एक खोली आहे का?"

आमच्या मंडळीत दोनशे माणसं आहेत. निम्म्यांची स्वतःची घरं. अध्यक्षीणबाईंकडे वर-खाली मिळून सात खोल्या, मुलगे परदेशी. पाळकसाहेबांच्या बंगल्यात पाहुण्यांची वेगळी खोली, तिचं दार मीच एकदा रंगवून दिलंय. मागे कोणीतरी बिस्किटाचा पुडा उघडला. लोक छताकडे बघायला लागले, बुटांकडे बघायला लागले, गीतांच्या पुस्तकाची पानं उलटायला लागले.

छापखान्याच्या मागेही एक खोली आहे. तळमजल्यावर, जिना नाही. तिच्यात जुनी कॅलेंडरं आणि वाया गेलेले कागद होते. तासाभराचं काम. मला तेव्हा काय वाटत होतं ते लख्ख आठवतं. मला वाटत होतं, कोणीतरी हात वर करेलच. भिंगरीनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. त्या खोलीत ती लहानपणी कागदाच्या गठ्ठ्यांवर उड्या मारायची, तिला ती चांगली माहीत होती. मी समोर बघत राहिलो.

मग अध्यक्षीणबाईंनी माईक तोंडाशी नेला. "फार हृदयस्पर्शी विनंती आहे," त्या म्हणाल्या. "चला, आपण सगळे यासाठी प्रार्थना करू या."

आणि दोनशे माथी झुकली. सुटका झाल्यासारखी, एकदम, पटकन. त्या दोनशे माथ्यांत माझंही होतं.

डोळे उघडले तेव्हा ताई खाली उतरून आली होती. तिनं भिंगरीला विचारलं, सगळ्यांसमोर, अगदी साध्या आवाजात, "काय गं, आपल्याकडेच आणायचं का?"

भिंगरीनं बाकाची कड सोडली. "दुसरं कोण आणणार?" ती म्हणाली.

दोघी मधल्या वाटेनं बाहेर गेल्या. या खेपेला कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

ऑपरेशन नीट झालं. बेकरीवाली ताईच्या पलंगावर आणि ताई नि भिंगरी जमिनीवर. समितीनं पुढच्या बैठकीत नोंद केली की जीवन रविवारी व्यासपीठाचा गैरवापर झाला. फुलं पाठवायचंही ठरलं होतं म्हणे, ती पोचली नाहीत. मी दोन आठवडे काही केलं नाही. तिसऱ्या आठवड्यात खोली रिकामी केली, चुना मारला, खाट आणली, आणि ताईकडे गेलो. मोठा तीर मारल्यासारखा.

बेकरीवाली खिडकीशी उशीला टेकून बसली होती. तिला मी पहिल्यांदा बघत होतो. फिकट, बारीक, कपाळ थेट भिंगरीचं. भिंगरी पलंगाच्या कडेवर बसून तिला शाळेतलं काहीतरी वाचून दाखवत होती आणि मधेच दोघी हसत होत्या. मी आत आल्यावर थांबल्या.

"खोली तयार आहे," मी म्हणालो. "तळमजला आहे. जिना नाही."

"नको," बेकरीवाली म्हणाली. रागानं नाही. "आता जागा आहे."

मला उठून जायचं होतं. पण ताई म्हणाली, "आलाच आहेस तर जेवून जा," आणि चौथं ताट मांडलं. टेबल एवढंसं, कोपरं एकमेकांना लागत होती. गरम सूप आणि पाव होता. लहानपणापासून, आई गेल्यापासून, जेवणाआधीची प्रार्थना आमच्यात ताई म्हणत आली आहे. मोठ्यानं, एकेकाचं नाव घेऊन. माझं नेहमी पहिलं. त्या दिवशीही तिनं हात जोडले, डोळे मिटले. मी वाट बघत राहिलो. तिचे ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. बराच वेळ हलत होते. मग तिनं आमेन म्हटलं आणि माझ्यापुढे पाव सरकवला.

भिंगरी सांगते, एरवी ती अजूनही मोठ्यानंच म्हणते. मी घरात असलो की मनात.